एकदाच काय ते करून टाकू

जुन्या गोव्याला पाहुण्यांना घेऊन गेलं की बॉम जेझूच्या बासिलिकेसमोर उभं राहून त्यातलं एक जण तरी म्हणतंच, "किती जुनी दिसते ना!" दिसते खरी. तांबडा, भोकाभोकांचा चिरा, म्हणजे जांभा दगड, त्यावर शेवाळाचे काळे ओघळ. चार शतकांचा पाऊस पिऊन ही भिंत अशी झाली असेल असं कुणालाही वाटावं.

पण हा रंग तिचा नव्हे. १६०५ साली हे चर्च पुरं झालं, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो खरवडून काढला गेला. इमारत अस्सल, मूळची दिसावी हा हेतू. ते 'मूळ' रूप त्याआधी कुणी पाहिलेलंच नव्हतं. बांधणाऱ्यांनी चिरा रचला तो झाकण्यासाठीच. उघडा ठेवायचा असता तर एवढा चुना भाजला कशाला असता? म्हणजे आज आपण ज्याचे फोटो काढतो ते सतराव्या शतकाचं दर्शन नसून, सतरावं शतक कसं दिसलं असेल याबद्दलची विसाव्या शतकाची समजूत आहे. तीही आता जुनी झाली. गिलावा परत चढवावा अशी मागणी चर्चकडूनच झाली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता हे लोक बासिलिका रंगवून बिघडवणार.

चिऱ्याचा स्वभाव ज्याच्या घराला चिऱ्याची भिंत आहे त्याला सांगावा लागत नाही. खणीतून काढताना मऊ, वारा लागला की टणक. पण पाणी पितो. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसापुढे उघडा चिरा हळूहळू झडतो. चुन्याचा गिलावाही झडतोच, पण तो झडण्यासाठीच असतो. तो झडला की दुसरा द्यायचा. भिंत वाचते ती या दुसऱ्या, तिसऱ्या, चाळिसाव्या गिलाव्यामुळे. पावसाळा सरला की घरांना रंग काढायचा असा पोर्तुगीज अमदानीत पणजीत दंडकच होता, असं जुनी माणसं सांगतात.

त्याच परिसरात आणखी दोन वास्तू आहेत. से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला. तो कुणी परत बांधला नाही, आणि आता एका मनोऱ्याचं से हेच आपलं से. दुसरा बांधायला घेतला तर मीच पहिली हरकत घेईन. तिथून नदीकडे उतरलं की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतवाने, फ्रान्सिस्को द गामाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती पणज्याच्या सन्मानार्थ उभारली. आज आपण जिच्याखालून जातो ती मात्र १९५४ सालची. पोर्तुगीज राज्याची इथली शेवटची सात वर्षं राहिली होती तेव्हा त्यांनी पहिल्या गामाची कमान नव्याने उभी केली. त्या वेळी पणजीत आझाद मैदान नव्हतं, पण सत्याग्रही होते आणि तुरुंगही होते. राज्य हलायला लागलं की राज्यकर्त्यांना डागडुजीची हुक्की येते, हा आपला माझा तर्क.

इंग्रजीत या 'पुन्हा करण्या'ला किती क्रियापदं आहेत! रिपेअर, रिन्यू, रिबिल्ड, रिनोव्हेट, रिस्टोअर, रिमेक. प्रत्येकाची नियत वेगळी. रिबिल्ड म्हणणारा निदान कबूल करतो की मूळ वस्तू पडली. रिनोव्हेटच्या पोटातच लॅटिनमधलं 'नवं' आहे, त्यामुळे तिथे फसवणूक नाही. रिस्टोअरचा दावा सगळ्यांत मोठा: जसं होतं तसं. काश्त्रूचं काम याच खात्यातलं. आणि हल्ली जिथेतिथे ऐकू येतं ते रिक्रिएट. आजीची शागोती रिक्रिएट करतात, नटीची साडी रिक्रिएट करतात, साठ सालचं पणजी एखाद्या हॉटेलच्या अंगणात एका संध्याकाळपुरतं रिक्रिएट करतात. या क्रियापदाची गंमत अशी की ते मूळचं एवढं कामसू नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नव्याने निर्माण करणं असा होता आणि ताजंतवानं करणं असाही. इंग्रजीत ते आलं ते मुख्यतः दुसऱ्या अर्थाने, म्हणजे शिणलेल्या जिवाला तरतरी आणणं. सरकारी कचेऱ्यांमधले रिक्रिएशन क्लब आणि तिथले कॅरमबोर्ड त्याच घराण्यातले. नव्याने घडवणं या अर्थी लिहिताना काटेकोर लोक 'री'नंतर आडवी रेघ देतात आणि उच्चारही 'री' असा लांबवतात. करमणुकीच्या अर्थी रेघ नाही आणि उच्चार 'रे'कडे झुकणारा. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. शाळेच्या मधल्या सुट्टीला ते अखेरपर्यंत 'रेक्रेयु' म्हणायचे. तोच धातू.

ही रेघ आता बहुतेक जण विसरले आहेत आणि गोव्याच्या बांधकाम व्यवसायात तर ती विसरणं फायद्याचंच आहे. नव्या 'पोर्तुगीज व्हिला'ची जाहिरात पाहा. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओटी आहे, त्यात समोरासमोर बसायचे कट्टे आहेत, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत, ओसरीवर निळ्या-पांढऱ्या फरशा. बाल्कांवात बसून रस्त्याने जाणाऱ्याला हटकायचं असतं, बाजार काय मिळाला विचारायचं असतं. इथे मात्र बाल्कांवापुढे तारेचं कुंपण, कुंपणापुढे वॉचमन. सगळं रिक्रिएट झालंय, रेघ न देता: विकत घेणाऱ्याच्या करमणुकीपुरतं. आणि तिथून चार पावलांवर खरं जुनं घर कोसळत असतं, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने सगळ्या मुलामुलींना वारसाहक्क दिला. दिला हे उत्तमच. पण तिसऱ्या पिढीपर्यंत वारस मुंबई, लिस्बन, टोरंटोला पांगतात, इन्व्हेंतार, म्हणजे वाटणीचा खटला, कोर्टात पडून राहतो, आणि छपराची कौलं कुणी परतायची यावर कुणाचीच सही मिळत नाही.

कौलं परतणं हा आमच्या घरातला मे महिन्याचा मोठा सोहळा होता. आमचं घर फोंडा महालातलं. पुढच्या सोप्यावर मंगळुरी कौलं, मागच्या मांगरावर, म्हणजे परसातल्या खोपीवर, जुने अर्धगोल नळे. मे लागला की आजी रोज सकाळी अंगणात उभी राहून छपराकडे बघायची आणि मग नळे परतणाऱ्या बाबाच्या नावाने सुरुवात करायची. तो "फाल्यां येतां", उद्या येतो, म्हणायचा आणि येत नसे. सगळ्या गावाला तो एकटा, आणि सगळ्यांना तो मृगाच्या आधी हवा. आला की मात्र दिवसभर वर. फुटका नळा काढायचा, धड असेल तो पुसून उलटा ठोकून आवाज ऐकायचा, परत बसवायचा. माकडं आणि नारळाच्या झावळ्या यांनी वर्षभरात केलेलं नुकसान तो एका दिवसात निस्तरायचा. "यंदा नीट बसव हां," असं आजी म्हणाली की वरून उत्तर यायचं, "बसयतां गे, पूण फुडल्या वर्सा परत येवंकच जाय." पुढच्या वर्षी यायचंच आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही खोट वाटत नव्हती.

आता गावात जवळजवळ प्रत्येक घरावर पत्रा आहे, काही ठिकाणी कौलांच्या वरच. "एकदाच काय तो खर्च" हे त्याचं स्पष्टीकरण. या वाक्याची मला अलीकडे धास्ती वाटते. गोव्यात जे जे टिकलं ते 'एकदाच काय ते' या न्यायाने टिकलेलंच नाही.

देवळांचं बघा. साष्टी-तिसवाडीतले देव सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचायला नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आधी झोपडीवजा आसरा, मग बरे दिवस आल्यावर देऊळ, मग आणखी मोठं देऊळ. कवळ्याचं आजचं देऊळ अठराव्या शतकातलं, शाहू महाराजांच्या काळातलं. ही नवी देवळं जुन्यांच्या नकला नव्हत्या. नदीपलीकडे चर्चं उभी राहत होती, तिथलं काम पाहिलेले, केलेले गवंडी इकडेही राबत होते. म्हणून शिखराच्या जागी घुमट आला, कमानींच्या खिडक्या आल्या, भिंतींना लागून अर्धे खांब आले, सभामंडपात काचेची झुंबरं लटकली. ज्यांच्यामुळे देवाला पळावं लागलं त्यांच्याच चर्चांची वळणं देवळात आली, आणि त्यामुळे मंगेश कमी मंगेश झाला असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. जीर्णोद्धाराला आपल्याकडे विधी आहे. कलाकर्षण करून देवाचं तेज कलशात घ्यायचं, काम होईपर्यंत देव त्या कलशात राहतो. मग भिंत पाडा, गाभारा वाढवा. देव आधी बाजूला काढून ठेवलेला असल्यामुळे दगडांबद्दल फार हळवं व्हायचं कारण उरत नाही. काश्त्रूला हे ठाऊक असतं तर तो मूळ दगडासाठी कदाचित एवढा हळवा झाला नसता आणि गिलावा वाचला असता.

सप्तकोटेश्वर तर दोनदोनदा उठून बसलेला देव. कदंब राजांचं हे दैवत. त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं बिरुद असे. दिवाडी बेटावरच्या नार्वे गावचं त्याचं देऊळ बहामनी स्वारीत गेलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत उभारलं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. मग लिंग नदीपल्याड डिचोली महालात गेलं. नव्या वस्तीचं नावही नार्वेच पडलं. तिथे शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घेतल्याचा शिलालेख दारावर आहे, शके १५९० चा, म्हणजे १६६८ सालचा. २०२३ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याचं जतनाचं काम पुरं केलं. चिऱ्याच्या भिंती आणि बुटकं कौलारू छप्पर पाहून पहिल्यांदा येणारे जरा हिरमुसतात. महाराजांचं देऊळ म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी गडासारखं असतं. मला ते तेवढ्यासाठीच आवडतं. कौलारू आहे, म्हणजे कुणाला तरी वर चढावं लागणार.

गेल्या तीसेक वर्षांत मात्र जीर्णोद्धाराचा अर्थ बदलला. जुनं लाकडी खांबांचं, कौलारू, ओणव्या छपराचं देऊळ पाडायचं आणि सिमेंटचं शिखर, ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचं रेलिंग असं नवं करायचं. समितीच्या बैठकीत कुणी कुरकुरलं तर तेच वाक्य: "एकदाच काय ते पक्कं करून टाकू, पोरांना त्रास नको." एका देवळातले कोरीव खांब मी नंतर एका पुरातन वस्तूंच्या दुकानात पाहिले. एखाद्या रिक्रिएट केलेल्या बाल्कांवाला ते गेले असतील. चक्र पुरं झालं म्हणायचं.

पण दगड हलवून देऊळ वाचवण्याचं याच्या अगदी उलट उदाहरणही गोव्यातच आहे. सांग्यात साळावली नदीवर धरण झालं तेव्हा कुर्डी गाव बुडणार होतं. तिथलं महादेवाचं कदंबकालीन देऊळ पुरातत्त्ववाल्यांनी दगड दगड सुटा करून धरणाजवळ आणलं आणि जसंच्या तसं जुळवलं. काम कित्येक वर्षं चाललं. नीट झालं, त्यात काही खोट नाही. धरण बघायला आलेले लोक सहज तिथेही डोकावतात. पूजेला मात्र ते गाव भोवती नाही. गाव वाड्याला आणि वालकिणीला गेलं, पुनर्वसन वसाहतींत. १९८० च्या दशकात पाणी चढलं आणि शेतं, घरं, मोगूबाई कुर्डीकरांचं घरसुद्धा खाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरतं, भेगाळलेल्या चिखलातून जोती वर येतात, आणि मे महिन्यात कुर्डीकर परत जातात. सोमेश्वराची जत्रा भरते. ख्रिस्ती कुर्डीकर त्यांच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त करतात. तिथे काही धड उभं नाही. मंडप ठोकायचा, सामान डोक्यावरून न्यायचं, आणि पाऊस यायच्या आत सगळं आवरून माघारी. तज्ज्ञांनी कायमचं वाचवलेलं देऊळ आणि दरवर्षी बुडणारी जत्रा यांत जास्त जिवंत काय, हे तिथे एकदा जाऊन आलेल्याला विचारा.

इथे मला स्वतःलाच थोडं अडवायला हवं. दरवर्षी नव्याने करण्याचं कौतुक करणारा बहुधा ते करणारा नसतो. नळे परतणारा बाबा आमच्या छपरावर चढायचा, मी अंगणातून बघायचे. त्याचं स्वतःचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होतं. भाटकाराने बोलावलं की मुंडकाराने, म्हणजे त्याच्या जमिनीत राहणाऱ्याने, जायचं, मजुरी ठरवायची सोय नाही. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, आणि लोक हळूहळू स्वतःच्या जागेवर उभे राहिले. त्यांच्या पोरांनी छपरावर चढायचं नाकारलं तर त्यांना कोण दोष देणार? गोव्यातल्या 'पुन्हा करण्या'ची सगळी घडी फुकट किंवा फुकटासारख्या हातांवर बसली होती. ते हात मोकळे झाले, ही आनंदाची गोष्ट. त्या कामाला रास्त दाम देऊन ते चालू ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही, पत्रा सुचला.

याचा सगळ्यांत मोठा हिशेब खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीत, दिसतो. मांडवी-जुवारीच्या काठची ही जमीन समुद्रसपाटीच्याही खाली, भरतीच्या पाण्याखाली जायची. कित्येक शतकांपूर्वी गांवकऱ्यांनी मातीचे बांध घालून ती मिळवली. बांधात जागोजाग मानस, म्हणजे लाकडी दारांची झडप: भरतीचा दाब आला की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाताना उघडतं. आत पावसाळ्यात खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगूट भात, पावसाळ्यानंतर मासळी, कुठे मिठागर. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, त्या पैशातून बांधाची डागडुजी. सगळा डोलारा चिखल, पेंढा, काटेरी फांद्या आणि काही चिरे यांवर उभा. खेकडे बांधाला भोकं पाडणार, लाटा माती नेणार, मुळं शिरणार, हे गृहीतच. म्हणून वर्षभर कुणीतरी बांधावरून चालत राहायचं, भोक दिसलं की लगेच बुजवायचं, आणि उन्हाळ्यात ओहोटी साधून मोठं काम. ओला चिखल हातोहात पुढे सरकवत थर द्यायचा, पायांनी तुडवायचा, वर पेंढा, परत चिखल. मिठागराचं तर तळच दरवर्षी नव्याने तुडवून सपाट करायचं. पावसाने आदल्या वर्षीचं काही शिल्लक ठेवलेलं नसतं.

ही जबाबदारी आधी कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, होती. कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघाकडे आली. काही संघ चांगले चालले. काहींनी पावणीचे पैसे घेतले आणि बांधाकडे पाठ फिरवली, कारण भातापेक्षा मासळी आणि कोळंबी जास्त देते आणि तिच्यासाठी खारं पाणी आत आलेलंच बरं. त्यात खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध झिजवले. एकदा भगदाड पडलं की शेत नापीक होतं, खारफुटी उगवते, आणि मग ती तोडता येत नाही.

बहिणीच्या सासरी चोडणला अशाच एका संघाची बैठक होती. मी पाहुणी म्हणून मागच्या बाकावर बसले होते. पावसाने मोडलेल्या बांधाचा एक तुकडा परत घालायचा होता. एका तरुणाने सिमेंटच्या भिंतीचं अंदाजपत्रक आणलेलं: सरकारी योजनेतून होईल, पन्नास वर्षं बघायला नको. एका म्हाताऱ्याचं म्हणणं की सिमेंटखालची माती लाटेने गेली तर भिंत आडवी पडते, वरून कळतही नाही. मातीचा बांध खचायला लागला की आधी दिसतो. तरुण म्हणाला, "मग चिखल तुडवायला कोण येणार, तू?" हशा झाला. म्हातारा म्हणाला की झारखंडचे मजूर आहेत, त्यांना दोन दिवसांत शिकवतो, पण मजुरी मशीनवाल्याइतकी द्या. मग दीड तास मजुरीवर वाद. कुणीतरी मशीनने चिखल काढून माणसांनी तुडवायचा असा मधला मार्ग काढला. पेंढा कुणाकडे शिल्लक आहे हे विचारल्यावर कळलं, की यंत्राने कापणी झाल्यामुळे कुणाकडेच लांब पेंढा नाही. तो डिचोलीहून आणावा लागेल. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि ठराव सांगितला: "औंदू मातयेचोच करूया. फुडल्या वर्सा पळोवया." यंदा मातीचाच करू, पुढच्या वर्षी बघू. सिमेंटवाल्या तरुणाने तो वहीत लिहून घेतला आणि पेंढ्याच्या टेम्पोचं भाडं कुणाच्या नावावर टाकायचं ते विचारलं.